वाचता न येणाऱ्या वाचकाचा सूड

एवेलिओ मोंतेआगुदोला हृदयविकाराचा झटका आला तो अगदी चुकीच्या ठिकाणी. छातीत तर तो सगळ्यांनाच येतो. याला सत्ताविसाव्या प्रकरणात आला. सरदाराची बायको मेणबत्ती घेऊन तळघरापर्यंत पोचली होती, दार करकरलं होतं, एवेलिओने आवाज खाली आणून म्हटलं, "आणि दारामागे उभा होता..." आणि तो चौथऱ्यावरून खाली कोसळला.

आमच्या चिरुटांच्या कारखान्यात हात कामात असताना कानांसाठी एक पगारी वाचक असतो, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवणारा; तो म्हणजे एवेलिओ. आम्ही एकशे ऐंशी माणसं समोर चिरूट वळत बसलो होतो. सांगायला लाज वाटते, पण पहिले दोन-तीन क्षण आम्हाला तो अभिनय वाटला. काही जणांनी दादही दिली. आमच्याकडे टाळ्या वाजवायला हात मोकळे नसतात. तंबाखूची पानं कापायचं अर्धगोल पातं प्रत्येकाच्या मुठीत असतं, ते लाकडी फळीवर टकाटक ठोकलं की ती वाहवा. आणि वाचक नकोसा झाला की तेच पातं फरशीवर टाकायचं. सव्वीस वर्षांत एवेलिओसाठी एकही पातं खाली पडलं नव्हतं. माझं एकदा घसरलं होतं, पण त्याबद्दल मी त्याच्या घरी जाऊन रमची बाटली ठेवली, पाय धरायचे तेवढे राहिले होते.

शेवटी पुढच्या रांगेतली जाडी ओनेलिया ओरडली, "अरे मेल्यांनो, वाहवा काय करताय, तो निळा पडलाय!" मग धावपळ झाली. कारखान्यात त्या वेळी एकच गाडी होती, तंबाखूचे गठ्ठे आणणारा ट्रक. गठ्ठ्यांवर आडवा टाकून त्याला सांता क्लाराच्या इस्पितळात नेला. वाटेत त्याने एकदाच डोळे उघडले आणि खालच्या पानांचा वास घेऊन म्हणाला, "हा माल ओला आहे." तेव्हा मला वाटलं, हा वाचतो.

तो वाचलाही. पण तिथेच घोळ झाला. जीव वाचला आणि वाचणं गेलं.

सहाव्या दिवशी नर्सने त्याला वर्तमानपत्र दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि बायकोला, सेनायदाला, म्हणाला, "हे रशियन आहे. आपलं आण." त्या काळी आमच्याकडे ट्रॅक्टरपासून डबाबंद मांसापर्यंत सगळंच रशियन असायचं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. सेनायदाने दुसरं आणलं. तेही रशियन. मग औषधाची बाटली रशियन, भिंतीवरची पाटी रशियन, शेवटी गळ्यातल्या बिल्ल्यावरचं स्वतःचं नावही रशियन निघालं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या, मिग्दालिया नावाच्या. त्यांनी मला आणि सेनायदाला समजावलं. झटक्याने हृदयाची एक भिंत लुळी पडली. तिथे रक्त साचलं, थिजलं, आणि त्या थिजलेल्या रक्ताचा एक कण सुटून वर मेंदूत गेला आणि मागच्या बाजूच्या एका बारीक नळीत अडकला. "डोळे ठीक आहेत, डोकं ठीक आहे. भाषा तर तुमच्या-माझ्यापेक्षा बरी आहे. फक्त डोळ्याने पाहिलेलं अक्षर शब्दांच्या घरी पोचवणारा रस्ता वाहून गेलाय. आणि समोरच्या जगाचा उजवा अर्धा भाग त्यांना दिसत नाही."

"मग आता?" सेनायदाने विचारलं.

बाईंनी एवेलिओला कागद-पेन्सिल दिली. म्हणाल्या, "काहीही लिहा." त्याने इस्पितळातल्या सूपविरुद्ध दीड पान तक्रार लिहिली, स्वल्पविरामांसकट. बाई वाचताना हसून लोळल्या. कागद त्याला परत दिला, "आता वाचा बरं." तो बघत राहिला. स्वतःच्या हाताने, दोन मिनिटांपूर्वी लिहिलेलं. त्यातलं एक अक्षर त्याला ओळखू येईना.

"लिहिण्याचा रस्ता वेगळा असतो," बाई म्हणाल्या. "तो शाबूत आहे. बोटाने अक्षर गिरवून पाहिलंत तर हाताला ओळखू येईल. एकेक अक्षर. वेळ लागेल."

"किती?" एवेलिओ म्हणाला. "एका कादंबरीला?"

बाईंनी त्याची उशी सारखी केली.

सेनायदा कोण, हे इथेच सांगून टाकतो. एकसष्ट साली साक्षरतेची मोहीम निघाली तेव्हा एवेलिओ कंदील आणि पाटी घेऊन एस्कांब्राईच्या डोंगरात शिकवायला गेला आणि खाली येताना एक विद्यार्थिनी घेऊन आला. ती ही. तिशीत अक्षर शिकलेली. ती वाचायची म्हणजे खडकाळ वाटेने गाढव नेल्यासारखी, प्रत्येक शब्दाला थांबून, त्याचा लगाम ओढत. आता रोज सकाळी ती एवेलिओला बातम्या वाचून दाखवू लागली आणि सव्वीस वर्षांचा वाचक डोळे मिटून ते सोसू लागला.

"म्हातारे, जरा विरामचिन्हांना मान दे."

"मी बीन्स शिजत घातल्यात. विरामचिन्हांना मान दिला तर त्या करपतील."

वाचता येत नाही ही गोष्ट आम्ही चौघांतच ठेवली होती. पण उबाल्दो पेंतोनची मेहुणी त्याच इस्पितळाच्या धोबीखान्यात होती.

उबाल्दो आमच्या पेटीखात्यात होता. चिरुटांच्या पेट्यांवर शिक्के मारायचा. वाचकाच्या खुर्चीसाठी तीनदा उभा राहिला आणि तिन्ही वेळा दालनाने, म्हणजे चिरूट वळणाऱ्या आम्ही एकशे ऐंशी जणांनी, त्याला पाडलं. आवाज चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण हा माणूस घरून एकही पान आधी वाचून यायचा नाही. एवेलिओ प्रत्येक प्रकरण रात्री दोनदा वाचून यायचा, कोण कुठे मरणार हे माहीत असल्याशिवाय चौथरा चढायचा नाही. उबाल्दोचं मत असं की त्याने ताजेपणा जातो. त्याचं वाचन डोळ्यातून थेट तोंडात, मधे कुठे मुक्काम नाही. आणि एक सवय: वाचायच्या आधी पिण्याच्या पाण्याच्या पेल्यात कंगवा बुडवून केस बसवायचा. मग तेच पाणी प्यायचा.

एवेलिओ इस्पितळात असताना खुर्ची साहजिकच बदली म्हणून त्याच्याकडे गेली. पहिल्याच दिवशी त्याने सत्ताविसावं प्रकरण पुढे वाचलं. दारामागे धोबी उभा होता. आमची एवढी निराशा कधी झाली नव्हती.

दोन महिन्यांनी एवेलिओ कारखान्यात सगळ्यांना भेटायला आला. फक्त भेटायला. बायकांनी कागदी फुलांचा हार केला होता, कॉफीची मोठी किटली आली होती. एकशे ऐंशी पाती एकदम फळीवर वाजली तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या. एवेलिओचे डोळे भरून आले. तेवढ्यात उबाल्दो चौथऱ्यावरून खाली उतरला, केस बसवून, हातात आजचं वर्तमानपत्र.

"गुरुजी," तो म्हणाला, "दालनाची इच्छा आहे. एकच बातमी. तुमच्या आवाजात."

दालनाला काय माहीत! दालन ओरडलं, "होऊन जाऊ दे!"

एवेलिओने कागद हातात घेतला. मी त्याच्या मागेच होतो, पेपर उलटा होता ते मला दिसलं. त्याला दिसलं नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. कॉफी निवली एवढं खरं. मग उबाल्दोने हलक्या हाताने पेपर सुलटा करून परत त्याच्या हातात दिला आणि हसला.

"असं, गुरुजी. असं धरतात."

तेवढ्यावर भागलं असतं तरी आपण म्हटलं असतं, माणूस हलका आहे. पण पुढच्या आठवड्यात पेटीखात्यातून एक बातमी गावभर फिरली: एवेलिओला वाचता कधी येतच नव्हतं. सव्वीस वर्षं बायकोकडून पाठ करून घ्यायचा. हार्ट अ‍ॅटॅक वगैरे सबब आहे.

"माझ्याकडून!" सेनायदा किंचाळली. "मला अजून मोठ्या शब्दांना धाप लागते!"

एवेलिओ ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीत बसला होता. तो किंचाळला नाही. मला म्हणाला, "लीनो, त्याची चाचणी कधी संपते?"

"डिसेंबरचा शेवटचा शुक्रवार. त्या दिवशी वाचून झालं की दालन कौल देईल. खुर्ची कायमची, नाहीतर पेटीखातं."

"तू अजून वाचन समितीचा अध्यक्ष आहेस?"

"दुसरं कुणी होत नाही म्हणून."

"मला एकशे ऐंशी पाती फरशीवर हवी आहेत," एवेलिओ म्हणाला. "एक कमी नको. तुझं धरून."

मी म्हटलं, "गड्या, डॉक्टरीण बाईंनी मनाला त्रास करून घेऊ नकोस म्हणून सांगितलंय."

"त्रास कुठे? मला सहाव्या दिवसापासून आज पहिल्यांदा भूक लागलीय. म्हातारे, कागद आण."

आणि त्याने कादंबरी लिहायला घेतली.

ती अशी होती: एका बंदरातल्या दीपगृहाचा राखणदार, डॉन सेवेरो, उतारवयात आंधळा होतो. त्याचा मदतनीस बोनिफासिओ हा दिव्यावर डोळा ठेवून असलेला प्राणी. सणाच्या दिवशी सगळ्या गावासमोर तो म्हाताऱ्याच्या हातात दुर्बीण देतो आणि विचारतो, "सांगा बरं, ते जहाज कुठलं?" पुढे बोनिफासिओ दिव्याचा राखणदार होतो, पण वर चढण्याआधी समुद्राकडे एकदाही बघत नाही. आणि हो, दिवा लावण्याआधी पिण्याच्या पाण्यात कंगवा बुडवून केस बसवतो.

अडचण एकच होती, उबाल्दो एवेलिओचं अक्षर ओळखत होता. म्हणून सगळं सेनायदा उतरवून काढायची, तिच्या गोल गोल, शाळकरी अक्षरात. मी ते बाड समितीपुढे ठेवलं: ओरिएंते प्रांतातल्या एका निवृत्त खलाशाने पोस्टाने पाठवलंय, नाव सांगू नका म्हणतो. दालनाने मत दिलं. धोब्यानंतर आम्हाला काहीही चाललं असतं.

आता बघा, तो पहिल्या रात्री घरी बसून नुसती दहा पानं चाळता तर तिथेच खेळ संपत होता. पण उबाल्दोने ताजेपणा जपला.

तिसऱ्या प्रकरणात दुर्बीण आली तेव्हा दालनातले चिरूट वळणारे हात थांबले. चौथ्यात कंगवा आला. उबाल्दोने त्याच सकाळी केस बसवले होते, पेल्यात अजून एक केस तरंगत होता. ओनेलियाने तोंडात डोक्याचा रुमाल कोंबला. मागून कुणीतरी खिंकाळलं, मग पाती वाजायला लागली, अशी वाजली की उबाल्दो उभा राहून झुकला. त्याला वाटलं, हे आपल्या आवाजाचं.

त्यानंतर तो रंगला. बोनिफासिओसाठी त्याने एक खास आवाज काढला, नाकातला, तेलकट, ऐकून अंगाला खाज सुटावी असा. कॉफीच्या सुट्टीत मला गाठून म्हणायचा, "लीनो, काय हलकट माणूस रंगवलाय रे! आंधळ्या म्हाताऱ्याची अशी चेष्टा? मला तर वाचताना राग येतो."

"येतो ना?"

"शेवटी याला शिक्षा झाली पाहिजे. त्या खलाशाला कळव. दालनाच्या वतीने."

"काय शिक्षा करावी?"

उबाल्दोने विचार केला. "सगळ्या गावासमोर," तो म्हणाला. "त्याने जसं केलं तसंच."

मी हे जसंच्या तसं एवेलिओला सांगितलं. तो इतका हसला की सेनायदाने त्याची जिभेखालची गोळी हातात तयार ठेवली.

पण हळूहळू एक गोष्ट बिघडू लागली. एवेलिओ दुपारी कारखान्याच्या अंगणात पिंपळासारख्या मोठ्या सेइबाखाली येऊन बसायचा. खिडकीतून त्याला स्वतःची वाक्यं ऐकू यायची, त्याला स्वतःला न वाचता येणारी, आणि मागोमाग पाती. दिवसाला तीनदा, चारदा. माणूस फुलत गेला. गालांवर रंग आला. शिव्या कमी झाल्या. एक दिवस म्हणाला, "काही म्हण, वादळाचं प्रकरण त्याने बरं वाचलं." मी सेनायदाकडे पाहिलं. ती युकाचे कंद सोलत होती, सुरी जराशी खोल गेली.

शेवटच्या आठवड्यात त्याने मला सांगितलं, "लीनो, मी बोनिफासिओला सोडून दिलंय. शेवटी आंधळा सेवेरो त्याला शेजारी बसवतो आणि लाटा ऐकायला शिकवतो. ते जास्त मोठं वाटतं. साहित्य म्हणून."

"आणि एकशे ऐंशी पाती?"

"लेखकाला शत्रू परवडत नाहीत," एवेलिओ म्हणाला. "वेळ जातो."

मी घरी गेलो. सव्वीस वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला लेखक व्हायला तीन महिने पुरले, आणि लेखक झाल्यावर बिघडायला एक आठवडा.

गुरुवारी सेनायदाने शेवटचं प्रकरण माझ्या हातात दिलं. अध्यक्षाने आधी वाचायचं असतं, मी वाचलं. त्यात लाटा नव्हत्या. शेजारी बसवणंही नव्हतं. मी मान वर केली. ती दारात उभी होती, एप्रनला हात पुसत.

"सेनायदा," मी म्हटलं, "हे त्याने लिहिलेलं नाही."

"त्याचं अक्षर लागत नव्हतं."

"सगळ्याच पानांचं?"

"शेवटच्या चार पानांचं." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "पेपर उलटा होता तेव्हा तू मागे होतास ना रे, लीनो? तुला दिसला होता ना? मग तू का नाही सुलटा केलास?"

मी ती पानं बाडात घातली.

शुक्रवारी कौल असल्यामुळे घरची माणसंही येतात. एवेलिओ मागच्या बाकावर बसला, नवा शर्ट घालून. सेनायदा त्याच्या उजव्या हाताला बसली, म्हणजे त्याला न दिसणाऱ्या अर्ध्या जगात. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

उबाल्दोने कंगवा बुडवला, केस बसवले, पाणी प्यायला आणि सुरुवात केली. सेवेरो मरतो. मरताना एक पत्र ठेवून जातो. गाव म्हणतं, बोनिफासिओ, तूच वाच. बोनिफासिओ उंचावर चढून पत्र उघडतो. इथे उबाल्दोने आवाज खाली आणला, झकास आणला, आणि वाचलं:

"'ज्याने आजवर एकही पान आधी वाचून पाहिलं नाही, त्याच्या हातात मी हे देतो आहे. तुझ्या डाव्या हाताला पाण्याचा पेला आहे. त्यात तुझा केस आहे. कंगवा वरच्या खिशात आहे.'"

त्याची नजर पेल्याकडे गेली. पण तोंड थांबलं नाही; डोळ्यापासून तोंडापर्यंतची ती सरळ वाट, तिच्यावर थांबायला जागाच नव्हती.

"'फुलांचा हार घातलेल्या आजारी माणसाच्या हातात तू उलटं वर्तमानपत्र दिलंस. मग सुलटं करून दिलंस आणि हसलास. मग म्हणालास, याला वाचता कधी येतच नव्हतं. एकसष्ट साली कंदिलाच्या उजेडात त्याने मला अक्षर शिकवलं. त्याच अक्षरात मी हे लिहिते आहे. आता पान खाली ठेव आणि फरशी काय म्हणते ते ऐक.'"

एवेलिओने मान पूर्ण उजवीकडे वळवली. तेव्हा कुठे त्याला सेनायदा दिसली. ती समोर बघत होती, मांडीवर पर्स, चर्चमध्ये बसावं तशी.

पहिलं पातं ओनेलियाचं पडलं. मग तिच्या शेजारणीचं. मग रांगच्या रांग. लोखंड फरशीवर पडतं तेव्हा एक पडलं तर चमचा पडल्यासारखं वाटतं, एकशे एकोणऐंशी पडली तर काय वाटतं ते उबाल्दोला विचारा. सगळ्यात शेवटी माझं पडलं. हाताला घाम होता असं म्हणता आलं असतं. पण घाम नव्हता. मी ते टाकलं, आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

उबाल्दो सोमवारी पेटीखात्यात परत शिक्के मारायला लागला. महिनाभर कुणाशी बोलला नाही. मग एकदा मला जिन्यात गाठून खालच्या आवाजात म्हणाला, "लीनो, एकच सांग. खलाशाने... म्हणजे खरा शेवट काय होता?"

"त्याने बोनिफासिओला माफ केलं होतं," मी सांगितलं.

तो तिथेच जिन्यावर बसला. ही शिक्षा आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हती, आणि सांगतो, मी ती मागे घेतली नाही.

खुर्चीवर आता शाळेतली एक मुलगी बसते, रात्री दोनदा वाचून येते. एवेलिओ बायकोशी अकरा दिवस बोलला नाही. तिने चुलीत घातलेल्या त्याच्या चार पानांसाठी नव्हे. "तिचं पत्र माझ्या लाटांपेक्षा चांगलं आहे," तो मला म्हणाला, "हे मला सहन होत नाही."

बाराव्या दिवशी त्याने नवी कादंबरी सुरू केली. तिच्यात एक बायको आहे, नवऱ्याचं मृत्युपत्र बदलणारी, भयंकर. आणि ती उतरवून काढायला दुसरं कुणी नसल्यामुळे सेनायदाच उतरवते. फरक एवढाच की आता तो तपासतो. पान मांडीवर घेतो, डोळे मिटतो आणि एकेक अक्षर बोटाने गिरवतो. एका पानाला पावणेदोन तास. परवा मी गेलो तेव्हा त्याचं बोट तिसऱ्या ओळीत अडकलं होतं.

"'ती... दे... ख... णी... होती.'" त्याने डोळे उघडले. "मी 'कजाग' लिहिलं होतं."

सेनायदा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"लिहिलं असशील 'देखणी'," ती म्हणाली. "विसरला असशील. मेंदूचं काय सांगावं."